पुन्हा या, आणि त्याच वाफ्यावर या: धावणाऱ्या गटांना खुले पत्र

धावणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आणि या गटांची आखणी करणाऱ्या सर्वांनो,

सप्रेम नमस्कार.

मी सामुदायिक बागेत काम करते. कोण कधी येणार, कोणत्या वाफ्यावर काय करायचं, पाण्याची पाळी कोणाची, हे बघणं माझ्याकडे असतं. धावत बागेपर्यंत यायचं, तास-दीड तास श्रमदान करायचं आणि धावतच परत जायचं, असं करणारे तुमच्यासारखे गट आता बागांना मिळू लागले आहेत. त्यांच्याविषयी मनात साठलेलं आज सविस्तर लिहायचं ठरवलं. यात कौतुक आहे, तक्रार आहे आणि एक मागणं आहे. मागणं आधीच सांगून टाकते. वर्षातून एकदा मोठ्या संख्येनं येण्यापेक्षा थोडेच जण या, पण ठरलेल्या वारी या आणि येत राहा.

आधी कौतुक, कारण ते मनापासूनचं आहे. खताचा ढीग फाटकाशी येऊन पडतो तेव्हा आम्हा नेहमीच्या मंडळींच्या पोटात गोळा येतो. गाडी आत येत नाही, वाट अरुंद असते आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांचे गुडघे कुरकुरत असतात. तो ढीग एकेक घमेलं करून आत न्यायला आम्हाला किती सकाळी लागतात, हे फक्त आम्हालाच ठाऊक. मध्येच पाऊस आला तर खतातलं सत्त्व पाण्याबरोबर निघून जातं. तुम्ही येता, फाटकापासून वाफ्यापर्यंत रांग लावता, एका बाजूनं भरलेली घमेली पुढे जातात, दुसऱ्या बाजूनं रिकामी मागे येतात, आणि बघता बघता ढिगाखालची जमीन दिसू लागते. तुमचं अंग आधीच गरम झालेलं असतं, एकमेकांना हाळी देत पुढे जायची सवय असते, थकलेल्याच्या हातातलं ओझं दुसऱ्यानं न सांगता घ्यायचं हे तुमच्या अंगवळणी पडलेलं असतं. जुनं कुंपण उखडणं, पडलेल्या फांद्या ओढून नेणं, वाटेवर लाकडाचा चुरा पसरणं, खड्डे खणणं अशा जोर लागणाऱ्या कामांना तुमच्यापेक्षा चांगली मदत मी पाहिलेली नाही.

ही कल्पना जिथून पसरली ती लंडनमधली गुडजिम ही संस्था. ती आयव्हो गॉर्मली यांनी सुरू केली. बंद खोलीत यंत्रांवर खर्च होणारी ताकद कुणाच्या तरी उपयोगी पडावी, एवढा साधा विचार त्यामागे होता. त्यांचे लोक गटानं धावत एखाद्या कामाच्या जागी जातात, काम करतात आणि धावत परततात. त्यांच्याच दुसऱ्या एका उपक्रमात धावणारी व्यक्ती एकट्या राहणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ माणसाच्या घरी जाऊन भेटून येते. माझं लक्ष वेधून घेतलं ते या दुसऱ्या उपक्रमानं. तिथे धावणारा आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे असं करत नाही. त्याच माणसाकडे पुन्हा पुन्हा जातो, म्हणून तर वाट पाहणारं कुणीतरी तयार होतं. बागेचंही तसंच व्हावं असं मला वाटतं.

आता तक्रार. एखाद्या गटाचं मोठं श्रमदान ठरतं. पन्नास-साठ माणसं येतात, रोपं लावायची असतात, सगळ्यांच्या हाताला माती लागते, सगळ्यांचे फोटो निघतात. वातावरण इतकं छान असतं की मीही हरखून जाते. पण त्यानंतर त्या रोपांना पाणी कोण घालणार, हा प्रश्न त्या दिवशी कुणीच विचारत नाही. एका बागेत अशाच एका दिवशी लावलेल्या रोपांची ओळच्या ओळ पुढच्या उन्हाळ्यात वाळलेली मी पाहिली आहे. लावणाऱ्यांपैकी पुन्हा कुणी तिकडे फिरकलं नव्हतं. त्यांचा हेतू चांगलाच होता, याबद्दल मला शंका नाही. पण वाळलेली रोपं उपटायचं काम बागेतल्या नेहमीच्या माणसांच्या वाट्याला येतं, आणि ते काम मन खचवणारं असतं.

रोप का वाळतं हे सांगते, म्हणजे माझा आग्रह कशासाठी आहे ते कळेल. रोपवाटिकेतून आलेल्या रोपाची सगळी मुळं पिशवीतल्या मातीच्या गोळ्यात असतात. खड्ड्यात लावल्यावरही बरेच दिवस ते त्या गोळ्यातलंच पाणी पीत असतं. आजूबाजूची जमीन ओली असली तरी तो गोळा लवकर कोरडा पडतो, कारण पानं सगळं पाणी तिथूनच ओढतात. मुळं बाहेरच्या जमिनीत शिरून पसरेपर्यंत झाडाला आपलं म्हणावं असं पाणी नसतं. मोठ्या झाडांच्या रोपांना या अवस्थेतून बाहेर पडायला साधारण दोन-तीन वर्षं लागतात. त्या काळात त्यांना वरवर शिंपडलेलं पाणी पुरत नाही. आळं करून, हळूहळू, मुळापर्यंत मुरेल असं पाणी द्यावं लागतं. आळ्यात पालापाचोळ्याचं पाच ते आठ सेंटिमीटर जाड आच्छादन ठेवावं लागतं, आणि ते खोडाला चिकटू द्यायचं नसतं, नाहीतर खोड कुजतं. खड्डा खणायला अर्धा तास पुरतो, पुढचं सगळं काम दोन-तीन वर्षांचं आहे. माझं म्हणणं इतकंच, की ज्या गटाला पुढची दोन वर्षं पाण्याची पाळी घेणं जमणार नाही त्यानं झाडं लावायचा कार्यक्रम ठरवू नये. त्याऐवजी खत वाहावं, वाट दुरुस्त करावी. ती कामं एका दिवसात पुरी होतात आणि त्यांचा उपयोगही तितकाच आहे.

नियमितपणा म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. एकाच रविवारी जिवाच्या आकांतानं धावून कुणी मॅरेथॉनला तयार होत नाही. आठवड्यामागून आठवडे केलेला सराव अंगात मुरतो, आणि खंड पडला की कमावलेलं ओसरूही लागतं. पार्करन या दर शनिवारी भरणाऱ्या सामूहिक धावेचंच बघा. 2 ऑक्टोबर 2004 रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइट यांनी पहिली धाव भरवली तेव्हा धावणारे होते 13 आणि मदतीला होते 5 स्वयंसेवक. आज हा उपक्रम अनेक देशांत चालतो. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ठरलेला वार. तेच ठिकाण, तेच अंतर, दर आठवड्याला. माणूस एखादा शनिवार चुकला तरी पुढच्या शनिवारी कुठे जायचं हे त्याला माहीत असतं. बागेतल्या कामाला असा ठरलेला वार मिळाला तर अर्धी लढाई जिंकल्यासारखी आहे.

बागांच्या बाजूचाही एक दाखला देते. न्यूयॉर्कमध्ये 1973 साली लिझ क्रिस्टी आणि त्यांच्या ग्रीन गरिलाज या गटानं राडारोड्यानं भरलेली एक पडीक जागा साफ करून तिथे बाग उभी केली. क्रिस्टी यांच्या पश्चात त्या बागेला त्यांचं नाव दिलं गेलं आणि ती आजही स्वयंसेवकांच्या हातांवर चालते. राडारोडा उचलायला ताकदीची माणसं लागली असणारच. पण ती बाग एवढी वर्षं टिकली ती नंतर येत राहिलेल्या माणसांमुळे. त्यांत पाणी घालणारे होते, तण काढणारे होते, फाटक उघडायला वेळेवर येणारे होते. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

तणाविषयी थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्या येण्याचा सर्वांत मोठा फायदा इथे होऊ शकतो. नागरमोथा नावाचं तण जगभरातल्या शेतकऱ्यांना आणि बागकाम करणाऱ्यांना जेरीस आणतं. वरून ओढलं की पात हातात येते आणि जमिनीतल्या गाठी तशाच राहतात. त्या गाठी बारीक धाग्यांसारख्या खोडांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि प्रत्येकीतून नवा कोंब येऊ शकतो. एकदा येऊन कितीही जोर लावा, नागरमोथा जात नाही. पण दर दोन-तीन आठवड्यांनी कोंब वर आला की काढत राहिलं तर गाठीतला साठा संपत जातो आणि तण हळूहळू हटतं. याला ताकद लागत नाही, खंड न पडू देणं लागतं. गाजर गवताचं वेगळं आहे. ते फुलायच्या आत मुळासकट उपटावं लागतं, कारण एकेक झाड हजारो बिया टाकतं. शिवाय त्याचा अंगाला स्पर्श झाला तर काहींना खाज सुटते, पुरळ उठतं, म्हणून हातमोजे आणि लांब बाह्यांचे कपडे हवेत. वेळ साधायची तर माणूस पुन्हा पुन्हा बागेत यायला हवा.

आणि म्हणूनच मी त्याच वाफ्याचा हट्ट धरते. नवीन माणसाला कोवळं रोप आणि कोवळं तण सारखंच दिसतं. गाजराच्या वाफ्यात गाजर गवत उगवलं तर पहिल्यांदा येणारा कशाला हात घालेल याचा नेम नसतो. तोच माणूस तिसऱ्यांदा, चौथ्यांदा त्याच वाफ्यावर बसला की त्याची नजर तयार होते. कुठे पाणी साचतं, कुठे गोगलगाय लपते, कोणत्या कोपऱ्यात ऊन उशिरा येतं, हे त्याला कळू लागतं. मग मला त्याच्यामागे उभं राहावं लागत नाही. उलट मीच त्याला विचारते, यंदा या कोपऱ्यात काय लावू या? तुमच्या गटातला कुणी असा तयार झालेला पाहणं हा या कामातला माझा सर्वांत मोठा आनंद आहे.

पावसाबद्दलही बोलायला हवं, कारण यावरून आपल्यात गैरसमज होतात. तुम्ही पावसातही धावता आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण माती भिजलेली असताना वाफ्यात उतरू नका असं मी सांगते तेव्हा काही जणांना ती टाळाटाळ वाटते. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा पोकळीची असते. त्या पोकळ्यांत हवा आणि पाणी असतं, त्यांतूनच मुळं वाट काढतात. ओल्या मातीवर पाय पडले की कण एकमेकांवर दाबले जातात, पोकळ्या मिटतात, आणि वाळल्यावर तिथे टणक थर तयार होतो. पंधरा जोडी पाय अर्धा तास वाफ्यात फिरले तर मातीचं जे नुकसान होतं ते भरून यायला कधी कधी पूर्ण हंगाम जातो. म्हणून वाफ्यांमध्ये वाटा असतात, त्या वाटांवरूनच चालायचं. पावसाच्या दिवशीही काम असतंच. अवजारांना धार लावायची असते, पिशव्यांत माती भरायची असते, बियांची पाकिटं लावून ठेवायची असतात. ती कामं तुम्हाला किरकोळ वाटू नयेत अशी विनंती आहे.

कंपोस्टचा ढीग परतणं हे मात्र अगदी तुमचं काम. सुका पाला आणि ओला, हिरवा कचरा यांचं प्रमाण असं साधायचं की कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं गुणोत्तर 25 ते 30 ला 1 च्या आसपास राहील. प्रमाण जमलं, ओल बेताची राहिली आणि ढीग पुरेसा मोठा असला की आतल्या जिवाणूंमुळे तापमान 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत चढतं. त्या उष्णतेत तणांच्या बऱ्याच बिया आणि रोगजंतू मरतात. पण आतली हवा संपली की काम मंदावतं, ढीग थंड होतो, वास मारू लागतो. म्हणून तो परतायचा, म्हणजे बाहेरचा भाग आत आणि आतला बाहेर जातो. एकट्यादुकट्या माणसाला हे फार जड जातं. चार धावणाऱ्यांनी दर पंधरवड्याला एक ढीग परतला तर बागेला बाहेरून खत आणायची गरज बरीच कमी होईल. परतताना धूळ उडत असेल तर ढीग थोडा भिजवून घ्या, तोंडावर मास्क लावा आणि नंतर हात साबणानं धुवा. कंपोस्टच्या धुळीतून फुप्फुसांचा संसर्ग होऊ शकतो, क्वचित होतो, पण ही काळजी घेणं सोपं आहे.

तुमच्या शरीराबद्दलही दोन शब्द. धावण्याचे बूट जाळीदार आणि मऊ असतात, कुदळीच्या किंवा फावड्याच्या पात्यापुढे त्यांचा काही निभाव लागत नाही. कामापुरते जाड, बंद बूट बागेतच एका पेटीत ठेवता आले तर उत्तम. टिटॅनसची लस वेळेवर घेतलेली असावी. धावून आल्याबरोबर सर्वांत जड काम हातात घेऊ नका. धावताना पाय तापतात, कंबर आणि खांदे खणण्यासाठी तयार झालेले असतातच असं नाही. ओझं उचलताना गुडघ्यात वाका, आणि फावडं मारताना अधूनमधून हात बदला. तुमच्या प्रशिक्षकांना मी आवर्जून सांगेन, की बागेचा दिवस सरावाच्या वेळापत्रकात धरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोमाचा व्यायाम करावा, आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायामही करावा. धावणाऱ्यांकडून राहून जातो तो हा दुसरा भाग. खणणं, फावडं मारणं, ओझी वाहणं यानं तो बराचसा साधतो. फक्त लाँग रनच्या आदल्या दिवशी जड खणकाम ठेवू नका. अनोळखी श्रमाची अंगदुखी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवते.

बागेत घड्याळ लावून स्पर्धा करू नका, हेही सांगायचं होतं. कुणी किती घमेली टाकली हे मोजायला मजा येते आणि खत वाहताना त्याला माझी हरकत नाही. पण तण काढताना, रोपं लावताना, फांद्या छाटताना वेग नडतो. कुणालाही विचारल्याशिवाय फांदी छाटू नका. तुमच्या गटात सर्वांत मागे धावणाऱ्याला एकटं सोडत नाहीत, त्याच्यासोबत कुणीतरी थांबतं. बागेत आमची ज्येष्ठ मंडळी तशीच सावकाश काम करतात. त्यांच्या शेजारी बसा. एखाद्या आजीबाईंच्या हातात खुरपं कसं चालतं ते नुसतं बघितलंत तरी मी समजावून सांगते त्यापेक्षा जास्त शिकाल.

बागांच्या समित्यांनाही इथेच दोन गोष्टी सांगते, कारण त्याही हे पत्र वाचतील. गट येणार असेल तर काम आधी ठरवून ठेवा. वीस माणसं आणि तीन फावडी अशी वेळ आणू नका. धावून घामेजलेली माणसं सूचनांची वाट बघत थंड होत उभी राहिली की पुढच्या वेळी येत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. पिण्याचं पाणी ठेवा. काम दाखवायला एक माणूस मोकळा ठेवा. आणि गेल्या वेळी त्यांनी केलेल्या कामाचं पुढे काय झालं, ते आल्याबरोबर नेऊन दाखवा. ज्याला आपण टाकलेल्या खतावर वाढलेलं रोप दिसलं, त्याला परत बोलवावं लागत नाही.

तर आता मागणं नेमकं मांडते. तुमच्या गटातून चार ते सहा जण पुढे या. दर पंधरवड्याचा एक वार ठरवा, जमत असेल तर दर आठवड्याचा. बागेतला एक वाफा किंवा लावलेल्या झाडांची एक ओळ आपल्या नावावर घ्या. कुणी आजारी पडलं, कुणाची स्पर्धा आली तर त्याच्या जागी दुसरं कोण येणार हे गटातच ठरवून ठेवा, म्हणजे ऐन वेळी माझा फोन वाजणार नाही. उन्हाळ्याच्या महिन्यांत पाण्याची पाळी चुकवू नका. बाकी काही राहून गेलं तरी चालेल, ती पाळी चुकली तर वर्षभराचं काम जातं. मोठं श्रमदान वर्षातून एकदा-दोनदा जरूर करा, पण ते या नेहमीच्या माणसांनी ठरवलेल्या कामासाठी करा. कोणता ढीग कुठे न्यायचा आणि कुंपण कुठे ढासळलं आहे, हे तोवर त्यांना माझ्याइतकंच माहीत झालेलं असेल.

तुमच्या जवळच्या बागेच्या समितीला या आठवड्यातच निरोप पाठवा. त्यात फक्त वार, माणसांची संख्या आणि कुठला वाफा घ्यायला आवडेल एवढंच लिहिलं तरी पुरे. वाफा निवडणं अवघड वाटलं तर समितीला विचारा. सर्वांत दुर्लक्षित कोपरा कोणता, ते ती लगेच सांगेल.

तुमच्या निरोपाची वाट पाहणारी,

सामुदायिक बागेतली एक स्वयंसेविका